मावळचे पाणी, मुंबईचा कोळसा

पावसाळ्यात लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर मुंबई-पुण्याची गर्दी अंगावर पाणी घेत बसलेली असते. हे धरण रेल्वेने एकोणिसाव्या शतकात बांधले, तेही वाफेच्या इंजिनांसाठी, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. वाफेचे इंजिन कोळसा खाते हे आपल्या लक्षात असते, पण ते त्याहून कितीतरी जास्त पाणी पिते. एक किलो कोळशामागे सहा-सात लिटर पाण्याची वाफ होऊन ती हवेत उडून जाते. बोरघाटाची चढण चढून इंजिन वर आले की त्याची टाकी भरायलाच हवी. म्हणून डोंगरातला ओढा अडवून तळे केले. आसपास शेकडो किलोमीटरमध्ये कोळशाची एकही खाण नाही, तरीही मावळचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास कोळशाला सोडून सांगता येत नाही.

मावळात कोळसा का नाही, याचे उत्तर पायाखालच्या काळ्या कातळात आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दगडी कोळशाचे थर त्याहून फार जुने, पंचवीस कोटी वर्षांच्या पलीकडचे. महाराष्ट्रात ते उघडे पडले आहेत ते पूर्वेला, वर्धा नदीच्या खोऱ्यात. चांदा जिल्ह्यातल्या वरोऱ्याला १८७०च्या दशकात खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा टाकला गेला आणि १९०६मध्ये ती बंदही पडली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी हा सगळा पट्टा उभा राहिला आणि आज तो वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या ताब्यात आहे. मुंबईला मात्र सुरुवातीची कित्येक वर्षे कोळसा येई तो समुद्रमार्गे, थेट ब्रिटनहून. त्यातही आगबोटींसाठी सगळ्यात नावाजलेला कोळसा दक्षिण वेल्सचा होता, कारण तो कमी धूर करून जास्त उष्णता देई.

हे वेल्स म्हणजे काय, हे मावळच्या माणसाला समजायला अवघड नाही. एकमेकींना समांतर धावणाऱ्या अरुंद दऱ्या, मधून नदी, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर आणि पाऊस. त्यातल्या ऱ्होंडा नावाच्या खोऱ्यात १८५१मध्ये हजारभरसुद्धा वस्ती नव्हती. मेंढ्या आणि थोडी शेती, एवढाच संसार. १८५५मध्ये तिथून वाफेच्या इंजिनांना लागणाऱ्या उत्तम कोळशाची पहिली खेप कार्डिफ बंदराला गेली आणि पुढच्या साठ वर्षांत चित्र पालटले. १९११च्या शिरगणतीत त्याच ऱ्होंडात दीड लाखावर माणसे होती. डोंगराच्या कुशीला चिकटून घरांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येक वस्तीत प्रार्थनामंदिर, गायनमंडळ, कामगारांनी आपल्या पगारातून वर्गणी कापून उभारलेले वाचनालय. १९१३मध्ये दक्षिण वेल्सच्या खाणींनी सुमारे ५ कोटी ७० लाख टन कोळसा काढला. १९२०मध्ये तिथे २ लाख ७१ हजार खाणकामगार होते.

या भरभराटीचा हिशेब रक्तात चुकता होत होता. १४ ऑक्टोबर १९१३ला सेंगेनिथच्या खाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार गेले. त्यांना काढायला उतरलेला आणखी एक जण गेला. ब्रिटनच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा खाण अपघात. पण याच दऱ्यांमध्ये माणसे एकत्र आली. १८९८मध्ये साउथ वेल्स मायनर्स फेडरेशन स्थापन झाले. ट्रेडेगरच्या कामगारांनी वर्गणीतून आपला दवाखाना चालवला. त्या गावात पोरवयात खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि १९४८मध्ये त्याने सगळ्या ब्रिटनसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. खाणीला हजारो हात लागतात. ते हात एका जागी जमले की त्यांचा आवाज होतो. मावळात नेमके हेच घडले नाही आणि ते का घडले नाही, हे नीट पाहण्यासारखे आहे.

मावळात हजारो हात एकदा जमले, घाटात रूळ टाकायला. बोरघाटाचे काम जानेवारी १८५६मध्ये सुरू झाले आणि १८६३मध्ये गाड्या धावू लागल्या. सुमारे पंधरा मैलांत १,८३१ फूट चढण, २५ बोगदे, ८ मोठे पूल आणि सगळ्यात तीव्र उतार सदतीसला एक. आराखडा जेम्स बर्कली यांचा. १८६१मध्ये एका वेळी ४२ हजार मजूर या कामावर होते. कॉलरा आणि तापाने किती माणसे गेली याला सुमार नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट आपल्या हाती घेऊन काम तडीस नेले. त्यांचे नाव निदान पुस्तकांत राहिले. घमेली वाहणाऱ्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

घाट चढवायला गाडीला जादा इंजिने लागत. रेल्वेतली माणसे त्यांना बँकर म्हणतात आणि आजही कर्जतला ती मागून जोडली जातात. खंडाळ्याच्या अलीकडे तर वळण घ्यायला डोंगरात जागाच नव्हती. म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केले होते: गाडी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचे आणि मग उलट दिशेने पुढची चढण सुरू. हे सगळे कोळशाच्या जोरावर. फायरमनने फावड्याने भट्टीत टाकलेला एकेक घास आधी शेकडो मैलांवरून आणलेला असे.

मुंबईच्या गिरण्यांचे दुखणे हेच होते. विसावे शतक उजाडले तेव्हा गिरणगावाच्या चिमण्या रात्रंदिवस धूर ओकत होत्या. त्यांचा कोळसा बंगालमधून यायचा. रेल्वेने आणला तर हजारावर मैल आणि समुद्रमार्गे आणला तर अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा. वाहतुकीचा खर्च कधीकधी मालाच्या किमतीशी बरोबरी करी. डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईतल्या वास्तुविशारदाने सुचवले की लोणावळ्याच्या डोंगरावर पडणारा पाऊस साठवून, तो कोकणात खाली पाडून त्यावर वीज करता येईल. जमशेटजी टाटांनी ही कल्पना उचलून धरली, पण १९०४मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुलांनी ती पुढे नेली. १९१०मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी निघाली. ८ फेब्रुवारी १९११ला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याला पायाभरणी केली आणि फेब्रुवारी १९१५मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीची वीज सुरू झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तीन तळी या योजनेतली.

योजनेची खुबी सह्याद्रीच्या रचनेत आहे. मावळच्या नद्या घाटमाथ्याच्या कड्याला अगदी लागून उगम पावतात, पण वाहतात पूर्वेकडे. इंद्रायणी, आंद्रा, पवना, मुळा या सगळ्या भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. हजारावर किलोमीटरच्या त्या प्रवासात उतार हळूहळू येतो. तेच पाणी कड्याच्या पश्चिमेला वळवले तर काही किलोमीटरमध्येच पाचशे मीटर खाली. म्हणून तळ्यांचे पाणी कालव्याने खंडाळ्याच्या बाजूला आणले आणि तिथून पोलादी नळांत सोडले. जुन्या रस्त्याने खोपोलीला उतरताना डोंगराच्या अंगावरून सरळ खाली गेलेले ते नळ दिसतात. सुमारे सतराशे फूट उंचीचा दाब घेऊन पाणी बारीक तोंडातून बाहेर पडते, तेव्हा त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात असतो. ही धार पेल्टन चाकाच्या परिघावर बसवलेल्या जोडवाट्यांवर आदळते. प्रत्येक वाटीच्या मधोमध धारदार कणा असतो. तो धारेचे दोन भाग करतो, पाणी वाटीच्या कडेने वळून जवळजवळ उलट्या दिशेने बाहेर पडते आणि त्यात आपला बहुतेक सगळा जोर चाकाला देऊन जाते. चाकाला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज एक लाख व्होल्टच्या दाबाने मुंबईला जाते. त्या काळात हे जगातल्या मोठ्या कामांपैकी एक होते. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या आणि कोळशाचा तेवढा धूर कमी झाला, हेही खरे.

आता एक हिशेब मांडू. एक हजार लिटर, म्हणजे एक टन पाणी, खोपोलीला पाचशे मीटर खाली पडले की सगळी गळती वजा जाता जेमतेम सव्वा युनिट वीज मिळते. तेवढी वीज आजच्या औष्णिक केंद्रात आपल्या देशी कोळशावर करायची तर आठशे ग्रॅमच्या आसपास कोळसा पुरतो. म्हणजे एक टन पाण्याचे काम किलोपेक्षाही कमी कोळसा करतो. रेल्वेच्या एका वाघिणीत मावणाऱ्या साठ टन कोळशाची बरोबरी करायला साडेसात हेक्टर, म्हणजे अठरा-एकोणीस एकर जमिनीवर मीटरभर उंचीचे पाणी उभे करावे लागते. त्यात मावळचा पाऊस चार महिन्यांचा आणि गिरण्या बाराही महिने चालायच्या. उरलेल्या आठ महिन्यांची बेगमी तळ्यात करून ठेवायची, तर खोरीच्या खोरी भरणे आले. कोळशाच्या खाणीला वर जमीन थोडी आणि खाली माणसे फार लागतात. जलविद्युत केंद्राला उलट: जमीन अफाट आणि बांधकाम एकदा संपले की माणसे मोजकी. वेल्सच्या दऱ्या भरल्या आणि मावळच्या दऱ्या रिकाम्या झाल्या, याचे मूळ कारण या आकड्यांत आहे.

लोणावळ्याची तळी झाल्यावर कंपन्यांची नजर शेजारच्या खोऱ्यांकडे गेली. आंदर मावळात आंद्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण झाले आणि १९२२मध्ये त्याचे पाणी बोगद्यातून खाली भिवपुरीच्या वीजघरात गेले. तिसरी योजना मुळशीची: निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण, कोकणात भिरा इथे वीजघर. मुळशी पेटा म्हणजे आंबेमोहर तांदळाचे माहेर. पन्नासवर गावे आणि सुमारे ११ हजार माणसे या पाण्याखाली जाणार होती. शेतकऱ्यांना विचारायच्या आधीच त्यांच्या खाचरांत चाचणीचे चर खणले गेले. १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली सरकारने एका खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची आणि देशाची प्रगती होत आहे असे सांगायचे, हा प्रकार आपल्याकडे तेव्हा नवा होता.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. पुढाऱ्यांत पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे होते. शि. म. परांजपे, न. चिं. केळकर हेही या लढ्यात उतरले आणि परांजप्यांना त्यापायी तुरुंगवास झाला. गांधीजींनी टाटांना या प्रकरणाचा फेरविचार करायची विनंती केली. बापटांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. पारनेरचा हा माणूस शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकायला गेलेला होता. टर्बाइन काय असते, वीज कशी होते, हे त्यांना कंपनीच्या अधिकाऱ्यांइतके कळत होते. म्हणून मुळशीचा विरोध अडाणीपणातून झाला असे म्हणणे धादांत खोटे ठरते. विजेचा फायदा कुणाला आणि किंमत कुणी मोजायची, एवढा साधा प्रश्न त्यांनी विचारला होता.

लढा हरला, त्याची कारणे नुसती सरकारच्या लाठीत नव्हती. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातून दिसते की पेट्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कुळाला जमीन हवी होती. सावकाराला रोख मोबदला मिळाला तरी चालणार होते. मालक आणि कसणारा यांचे हित एक नव्हते आणि वाटाघाटीच्या टेबलावर बसला तो मालक. डिसेंबर १९२४मध्ये बापटांनी रेल्वेच्या रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. सेनापती ही पदवी त्यांना लोकांनी दिली ती याच लढ्यात. १९२७मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. गावे डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली, कुणी दुसरीकडे पांगली. नंतर जगभर धरणांविरुद्ध जे लढे झाले, त्यांच्या कितीतरी आधीचा हा लढा आहे, पण आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात तो एखाद्या ओळीत उरकला जातो, याचे मला वाईट वाटते.

वेल्सलाही हे दुःख चुकले नाही. तिथल्या दक्षिणेच्या दऱ्यांनी कोळसा दिला आणि मध्य-उत्तरेच्या दऱ्यांनी पाणी. इलन खोऱ्यातली धरणे १९०४मध्ये बर्मिंगहॅमसाठी झाली. १९६५मध्ये ट्रिवेरिन नदीवरच्या धरणात कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव लिव्हरपूलच्या पाण्यासाठी बुडाले. शाळा, टपालघर, प्रार्थनामंदिर सगळे गेले. ते गाव मुळशीच्या पन्नासवर गावांपुढे अगदी चिमुकले होते. पण वेल्सच्या राजकारणाला त्या एका गावाने वळण दिले, आणि ट्रिवेरिन विसरू नका ही अक्षरे तिथल्या एका भिंतीवर आजही पुन्हा पुन्हा रंगवली जातात.

विजेमुळे कोळसा मात्र गेला नाही. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. पुढच्या चार-पाच वर्षांत तारा घाट चढून पुण्याला पोचल्या, रिव्हर्सिंग स्टेशन मोडीत निघाले आणि १ जून १९३०ला दख्खनची राणी सुरू झाली. पण या गाड्यांसाठी रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर बांधले, ते कोळशावर चालणारे. धूर घाटातून उठून ठाकुर्लीला गेला. मुंबईची भूक वाढत गेली तशी मावळची तळी अपुरी पडली आणि १९५६मध्ये टाटांनीच तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, औष्णिक केंद्र सुरू केले. खोपोली, भिवपुरी आणि भिरा मिळून आज सुमारे ४४७ मेगावॅट क्षमता आहे. मुंबईच्या एकूण गरजेत तो वाटा लहान आहे.

आणि मावळची माणसे? ती मुंबईला गेली. धरणांच्या आधीपासूनच जात होती, कारण चार महिन्यांच्या भातावर वर्ष निघत नव्हते. मुंबईचे डबेवाले मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. हमाल, माथाडी, गिरणी कामगार म्हणून आणखी कितीजण. खाणीने वेल्सच्या कामगाराला त्याच्या दरीतच संघटना दिली. आमच्या माणसाला ती लाभली परळ-लालबागेत, १९२८च्या गिरणी संपात, ज्या गिरण्या त्याच्याच डोंगरातल्या पाण्याने फिरत होत्या. तो गावाला परत आला तो होळीला, गणपतीला. गावात तळे होते, वीज मुंबईला होती.

वेल्समधल्या खाणी पुढे एकेक करून मिटल्या. २१ ऑक्टोबर १९६६ला अबरफॅन गावात खाणीच्या मातीचा ढिगारा शाळेवर कोसळला आणि १४४ जण गेले, त्यांत ११६ मुले. १९८४-८५चा वर्षभराचा संप हरला. ऱ्होंडातली शेवटची खाण, मार्डी, १९९०मध्ये बंद झाली. टॉवर नावाची खाण १९९५मध्ये कामगारांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि २००८पर्यंत चालवून दाखवली. बिग पिट नावाची खाण १९८०मध्ये बंद झाली आणि १९८३मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. तिथे जुने खाणकामगारच पाहुण्यांना पाळण्यातून नव्वद मीटर खाली नेऊन सगळे समजावत आले आहेत.

मावळच्या तळ्यांचा विषय मात्र संपलेला नाही. कृष्णा पाणी तंट्याच्या लवादाने टाटांच्या योजनांना वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास पाणी पश्चिमेला वळवायची मुभा दिली. दुष्काळ पडला की पुणे-सोलापूरकडून हे पाणी पूर्वेला सोडा अशी मागणी होते. तिकडे कोकणात भिऱ्याच्या पाण्यावर कुंडलिका, खोपोलीच्या पाण्यावर पाताळगंगा आणि भिवपुरीच्या पाण्यावर उल्हास उन्हाळ्यातही वाहती राहते, त्यावर शहरे आणि कारखाने उभे आहेत. आता कुणाचे तोडायचे? शिवाय २०२३मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला आहे: शिरवत्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॅटचे उदंचन प्रकल्प. दिवसा सौर वीज स्वस्त असते तेव्हा पाणी खालून वर चढवायचे, संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडायचे. कोळशापासून खरोखरच सुटका करून घ्यायची असेल तर अशा साठवणुकीवाचून गत्यंतर नाही, असे मला वाटते. पण शंभर वर्षांपूर्वी जे विचारले गेले नाही ते या वेळी कामाआधी विचारायला हवे: गावाला वीज किती, पाणी किती आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असा हिस्सा किती.

आणखी एक काम आपल्या हातातले आहे. मुळशी पेट्यातल्या, आंदर मावळातल्या, लोणावळा-वळवणच्या बुडालेल्या वस्त्यांची नावे, घरांच्या याद्या, मोबदल्याच्या पावत्या, जुने सातबारे, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांची पत्रे, धरणावर आणि वीजघरात काम केलेल्यांचे फोटो अजून घराघरांतल्या ट्रंकांत आहेत. तुमच्या घरी असे काही असेल तर ते रद्दीत टाकू नका. त्याची छायाप्रत काढा, मागच्या बाजूला गाव, माणूस आणि साल लिहा आणि ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किंवा पुण्याच्या एखाद्या इतिहाससंस्थेत नेऊन द्या.